पोटगी आणि शुश्रूषा : वृद्ध व अपंग यांच्या दीर्घकालीन परिपोषाविषयीचे कायदे, कल्याण-ठाकुर्ली परिसराच्या अनुषंगाने

कल्याण येथील प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयात एका वृद्ध पित्याने आपल्या विवाहित कन्येविरुद्ध अर्ज दाखल केला. कन्या व्यवसायाने डॉक्टर होती व कल्याणातच वैद्यकीय व्यवसाय करीत होती. आपणांस स्वतःचा निर्वाह करणे अशक्य झाले असल्याने तिने दरमहा ५०० रुपये पोटगी द्यावी, अशी पित्याची मागणी होती. कन्येने प्रारंभीच आक्षेप घेतला की, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १२५ व्या कलमाखाली असा अर्ज मुलीविरुद्ध चालूच शकत नाही. तो फक्त मुलाविरुद्ध चालतो. दंडाधिकाऱ्यांनी आक्षेप फेटाळला, मुंबई उच्च न्यायालयाने त्यांचा निर्णय कायम केला, आणि अखेरीस १८ फेब्रुवारी १९८७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विवाहित मुलगीही मातापित्यांच्या पोटगीस बांधलेली आहे असा निर्वाळा दिला. विधिमहाविद्यालयांतून हा निर्णय आजही शिकविला जातो. तो कल्याणच्या न्यायालयातून निघालेला आहे, ह्याकडे मात्र ठाणे जिल्ह्याच्या सामाजिक इतिहासाच्या अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले दिसत नाही.

प्रस्तुत लेखाचा हेतू ह्या निर्णयाची केवळ आठवण करून देण्याचा नाही. वृद्ध आणि अपंग ह्यांच्या दीर्घकालीन परिपोषासंबंधी आपल्याकडे जे कायदे झाले, त्यांत एक प्रश्न सातत्याने विचारला गेला आणि दुसरा सातत्याने टाळला गेला. ‘पैसे कोणी द्यावयाचे?’ हा पहिला प्रश्न. ‘अंथरुणावरून उठविणे, आंघोळ घालणे, औषध देणे, रात्री जागणे हे कोणी करावयाचे, किती वर्षे करावयाचे, आणि करणाऱ्याच्या पश्चात कोणी करावयाचे?’ हा दुसरा. पहिल्याचे नाव पोटगी, दुसऱ्याचे शुश्रूषा. हे दोन प्रश्न एकमेकांपासून कसे दुरावले हे पाहण्यास कल्याण-ठाकुर्लीचा पट्टा फार सोयीचा आहे. येथील वस्तीची घडण रेल्वेच्या नोकरीभोवती झाली, आणि रेल्वेची नोकरी ही आपल्याकडे वार्धक्याची तरतूद लेखी नियमांनी करणाऱ्या पहिल्या मोठ्या व्यवस्थांपैकी एक होती.

प्रथम १२५ व्या कलमाच्या वंशावळीकडे वळू. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ४८८ वे कलम होते. त्याखाली पत्नी व अपत्ये ह्यांना पोटगी मिळे. आईबाप त्यात नव्हते. ह्या तरतुदीचे मूळ त्याहूनही जुन्या संहितांत आहे. १८७२ च्या संहितेच्या वेळी विधिसदस्य असलेले जेम्स फिट्झजेम्स स्टीफन ह्यांनी तिचे प्रयोजन स्पष्टच सांगितले होते : निराधार माणसे रस्त्यावर येऊन भटकू लागू नयेत, निदान त्या भटकण्याचे परिणाम समाजाला भोगावे लागू नयेत. ही तरतूद दिवाणी कायद्यात न जाता फौजदारी संहितेत का गेली, ह्याचा उलगडा येथे होतो. तिच्या मुळाशी कुटुंबधर्माचा विचार नसून सार्वजनिक शांततेचा विचार आहे. इंग्लंडमधील १६०१ च्या दारिद्र्यविषयक कायद्याची छाया तिच्यावर स्पष्ट दिसते. त्या कायद्याने आईबाप, आजीआजोबा आणि मुले ह्यांना परस्परांच्या निर्वाहास जबाबदार धरले होते, ते एवढ्याचसाठी की त्यांचा भार गावकीच्या निधीवर पडू नये.

आपल्या जुन्या धर्मशास्त्राची भूमिका वेगळी होती. वृद्ध मातापित्यांचे पोषण हे पुत्राचे वैयक्तिक कर्तव्य असून ते वडिलार्जित मालमत्ता हाती असण्यावर अवलंबून नाही, हे तत्त्व ब्रिटिश अमदानीतील न्यायालयांनीही मान्य केले होते. परंतु ते कर्तव्य दिवाणी न्यायालयातून वसूल करावयाचे, म्हणजे वर्षानुवर्षे दावा चालवावयाचा. वयाची सत्तरी ओलांडलेल्या माणसास दावा लांबणे आणि दावा हरणे ह्यांत फारसा भेद नसतो. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियमाच्या २० व्या कलमाने हे कर्तव्य शब्दबद्ध केले आणि ते मुलगा व मुलगी ह्या दोघांवरही टाकले. तथापि मार्ग दिवाणीच राहिला व कायदा हिंदूंपुरताच राहिला. १९७३ च्या नव्या फौजदारी प्रक्रिया संहितेने हे दोन्ही अडथळे दूर केले. १ एप्रिल १९७४ पासून अंमलात आलेल्या १२५ व्या कलमात स्वतःचा निर्वाह करू न शकणारे आईवडील प्रथमच समाविष्ट झाले, आणि ते सर्वधर्मीय.

कल्याणच्या खटल्यातील वाद ह्या कलमातील एका सर्वनामावर आधारलेला होता. इंग्रजी मूळ पाठात ‘त्याचे वडील किंवा आई’ असे पुल्लिंगी रूप आहे. तेव्हा जबाबदारी फक्त ‘त्याची’, ‘तिची’ नव्हे, असा युक्तिवाद होता. पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने १९७८ मध्ये ह्याच धर्तीचे मत दिले होते, त्यामुळे युक्तिवाद अगदीच निराधार नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने भारतीय दंड संहितेतील सर्वनामाच्या व्याख्येचा आधार घेऊन पुल्लिंगात स्त्रीलिंगाचा अंतर्भाव होतो असे ठरविले, आणि संसदेच्या संयुक्त समितीच्या अहवालाकडेही पाहिले. ज्यांना मुलगा नाही, केवळ मुलीच आहेत, असे आईबाप मग निराधारच राहतील, हा न्यायालयाचा मुद्दा बिनतोड होता. त्याचबरोबर न्यायालयाने एक मर्यादाही घातली : पतीच्या उत्पन्नाचा हिशेब न धरता मुलीची स्वतःची पुरेशी ऐपत आहे, अशी खात्री पटल्यावाचून तिच्याविरुद्ध आदेश होऊ नये.

येथे रकमेकडेही लक्ष द्यावयास हवे. पित्याने मागितलेले ५०० रुपये ही त्या कलमाखाली मिळू शकणारी कमाल रक्कम होती. ही मर्यादा १९५५ मध्ये १०० वरून ५०० वर नेण्यात आली होती, १९७३ च्या संहितेने ती तशीच उचलली, आणि २००१ च्या दुरुस्तीने ती काढून टाकीपर्यंत केंद्रीय कायद्यात ती हलली नाही. म्हणजे ज्या शेहेचाळीस वर्षांत सर्व वस्तूंचे भाव अनेक पटींनी वाढले, त्या सर्व काळात माणसाच्या वार्धक्याची केंद्रीय कायद्याने लावलेली कमाल किंमत एकच राहिली. पोटगीच्या कायद्यात शुश्रूषेचा विचार नव्हता असे मी म्हणतो तेव्हा माझा रोख प्रथम ह्याच आकड्याकडे आहे. १९८७ सालीसुद्धा रात्रंदिवस घरी राहणारा माणूस ५०० रुपयांत मिळाला नसता. तेवढ्यात धान्य, दूध आणि काही औषधे येत.

ह्या वंशवेलीची दुसरी शाखा अधिक अप्रिय आहे, आणि म्हणूनच बहुधा समाजकल्याणाच्या इतिहासातून ती गाळली जाते. भटकणे थांबविण्यासाठी ज्यांना कुटुंब आहे त्यांच्यापुरती पोटगी झाली. ज्यांना कुणीच नाही त्यांच्यापुरता भिक्षाप्रतिबंधक कायदा झाला. मुंबई राज्याने १९५९ साली जो भिक्षाप्रतिबंधक अधिनियम केला, त्यात आंधळ्या, पांगळ्या अथवा अन्यथा कायमच्या असहाय ठरलेल्या भिक्षेकऱ्यास मान्यताप्राप्त संस्थेत अनिश्चित काळपर्यंत स्थानबद्ध ठेवण्याचा आदेश देण्याची तरतूद होती. एखादा नातलग किंवा स्नेही त्याच्या सांभाळाची हमी देईल तर त्याची सुटका होई. ह्या तरतुदीचा अर्थ नीट ध्यानात घेतला पाहिजे. ज्याला आपण आज आजन्म निवासी परिपोष म्हणू, त्याची जबाबदारी राज्याने कायद्याने स्वतःकडे घेतली खरी, पण ती स्थानबद्धतेच्या रूपाने. आश्रयाचा हक्क नव्हता. आश्रयाची शिक्षा होती. पुण्यातील डेव्हिड ससून अनाथ पंगु गृहासारख्या दानधर्मावर उभ्या राहिलेल्या संस्थेत १८६० च्या दशकापासून निराधार वृद्ध व पंगू स्वेच्छेने येऊन राहू शकत होते; शासनाच्या कायद्यात मात्र त्या जातीच्या आश्रयाला शतकानंतरही स्थान मिळाले नाही. दिल्लीस हाच मुंबई कायदा लागू करण्यात आला होता, व त्यातील बहुतेक दंडात्मक तरतुदी दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये घटनाबाह्य ठरविल्या, हे येथे नमूद करून पुढे जातो.

आता ठाकुर्लीकडे येऊ. मुंबईहून येणाऱ्या प्रवाशास डोंबिवलीनंतर आणि कल्याणपूर्वी हे छोटे स्थानक लागते. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेवर पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी धावली, आणि त्याच वर्षी १ जुलैला ही रेल्वे कंपनीकडून सरकारच्या ताब्यात आली. पुढे कल्याणपलीकडे घाटांवर विजेच्या गाड्या नेण्याचे ठरले, तेव्हा त्यांना लागणारी वीज निर्माण करण्यासाठी ठाकुर्लीनजीक चोळे गावाजवळ रेल्वेने स्वतःचे औष्णिक वीजगृह उभारले. ते १९२९ साली सुरू झाले. ‘चोळे पॉवर हाऊस’ ह्या नावाने ते सर्वतोमुखी होते. कोळसा, वाफ आणि राख ह्यांच्या ह्या कारखान्याभोवती कामगारांच्या चाळी व वसाहत उभी राहिली; पन्नासाहून अधिक वर्षे चालून १९८० च्या दशकात वीजगृह बंद पडले. वसाहत राहिली, आणि तिच्याबरोबर निवृत्त माणसेही राहिली.

रेल्वे सरकारी झाली तरी तिचे नोकर निवृत्तिवेतनाचे धनी झाले नाहीत. त्यांच्यासाठी भविष्यनिर्वाह निधी होता. नोकर आपल्या पगारातून वर्गणी भरी, रेल्वे तिच्यात आपली भर टाकी, आणि निवृत्तीच्या दिवशी सर्व रक्कम एकदम हाती पडे. सचिवालयातील कारकुनास आमरण दरमहा काही मिळे. बॉयलरसमोर उभे राहिलेल्या माणसास एकदाच मिळे. ह्या भेदाचे समर्थन केले जाई ते असे की, मजूर निवृत्तीनंतर गावी जातो, तेथे त्याचे घर व थोडी जमीन असते, त्याला गाठीला एक रक्कम असली म्हणजे पुरे. कोकणातून आणि देशावरून आलेल्या पहिल्या पिढीपुरते हे काही अंशी खरेही असेल. परंतु ह्या गृहीतकात गावी बसलेल्या सुनेचे श्रम आधीच जमेस धरलेले होते, हे कोणी बोलून दाखविले नाही.

१९५७ साली हा भेद मिटविण्याचा निर्णय झाला. १६ नोव्हेंबर १९५७ रोजी वा त्यानंतर रेल्वेत लागणाऱ्यांना निवृत्तिवेतन लागू झाले. १ एप्रिल १९५७ पासून सेवेत असलेल्यांना निवृत्तिवेतन की भविष्यनिर्वाह निधी, असा विकल्प देण्यात आला. हा विकल्प पुढे अनेकदा नव्याने उघडण्यात आला. तरीही अनेकांनी एकरकमी निधीच पसंत केला. त्यांना अदूरदर्शी म्हणणे सोपे आहे. मला ते न्याय्य वाटत नाही. निवृत्तीबरोबर ठरावीक मुदतीत रेल्वेचे क्वार्टर रिकामे करावे लागे. म्हणजे ज्या दिवशी वेतन थांबे त्याच सुमारास डोक्यावरचे छप्परही जाई. अशा माणसास दरमहाच्या लहान रकमेपेक्षा एकदम मिळणारी मोठी रक्कम अधिक निकडीची वाटावी, ह्यात नवल नाही. त्या रकमेतून घर होणार होते. निधी घेतलेल्या निवृत्तांनी पुढे निवृत्तिवेतनाचा विकल्प पुन्हा मिळावा म्हणून सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. १९९० मध्ये घटनापीठाने त्यांची मागणी अमान्य केली. निधी देऊन झाल्यावर नियोक्त्याचे त्या माणसाशी असलेले देणे संपले, असा त्या निर्णयाचा आशय होता. नियोक्त्याचे देणे संपते, वार्धक्य संपत नाही, ही त्यातील खरी अडचण.

निवृत्तिवेतनाच्या नियमांत शुश्रूषेचा विचार आला तो फार उशिरा, आणि तोही कोपऱ्यातून. इंग्लंडात औद्योगिक दुखापतींविषयीच्या १९४६ च्या कायद्यानेच सतत दुसऱ्याच्या मदतीची गरज असलेल्या जखमी कामगारास वेगळा परिचर-भत्ता देऊ केला होता. आपला कामगार नुकसानभरपाईचा कायदा त्याहून जुना, १९२३ चा. त्यात हात गेला तर किती, दृष्टी गेली तर किती, ह्याचे कोष्टक होते, पण हात गेलेल्यास घास भरविणाऱ्याचा हिशेब नव्हता. केंद्र शासनाच्या नागरी सेवकांना, आणि त्यांच्याबरोबर रेल्वे नोकरांना, शंभर टक्के अपंगत्व येऊन पूर्णतः परावलंबी झाल्यास परिचर-भत्ता मिळू लागला तो १ जानेवारी २००६ पासून, दरमहा ३,००० रुपये. पुढे तो ६,७५० झाला. त्याच दिवसापासून ऐंशी वर्षांवरील निवृत्तांना वाढीव निवृत्तिवेतनही सुरू झाले : ऐंशीस २० टक्के, पंच्याऐंशीस ३०, नव्वदीस ४०, पंच्याण्णवास ५०, आणि शंभरीस १०० टक्के. वय वाढते तशी मदतीची गरज वाढते, हे येथे नियमाने प्रथमच मान्य केले. मात्र गरज मोजून नव्हे, तर वाढदिवस मोजून. अर्धांगाने पासष्टीतच अंथरुणास खिळलेल्या माणसास ह्या वाढीसाठी पंधरा वर्षे जगून दाखवावे लागते.

जे अशा कोणत्याच सेवेत नव्हते, त्यांच्यासाठी महाराष्ट्र शासनाने १९८० मध्ये संजय गांधी निराधार अनुदान योजना सुरू केली, व पुढे पासष्टीवरील वृद्धांसाठी श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना आली. २०२३ मध्ये त्यांची रक्कम दरमहा १,५०० रुपये करण्यात आली. ह्या दुसऱ्या योजनेच्या नावाचे मला नेहमी आश्चर्य वाटते. श्रावणाने आईबापांना पैसे पाठविले नव्हते. त्याने कावड खांद्यावर घेतली होती.

भविष्यनिर्वाह निधीचे घर झाले, हे वर सांगितले. ठाकुर्ली, डोंबिवली व कल्याण येथे हे घर बहुधा सदनिकेचे रूप घेऊन आले. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० चा आणि मालकी हक्काच्या सदनिकांविषयीचा अधिनियम १९६३ चा. ह्या दोहोंनी मध्यमवर्गीय निवृत्ताला शहरात मालकीची जागा शक्य करून दिली. त्याबरोबर वार्धक्याच्या तरतुदीचे स्वरूपच पालटले. पूर्वी वृद्धाच्या हाती देण्यासारखे काही नव्हते. आता त्याच्या हाती मुलांना हवी असणारी एकमेव वस्तू होती. ही तरतूदही किती ठिसूळ असते ते २८ जुलै २०१५ च्या रात्री ठाकुर्लीत दिसले. एक जुनी इमारत कोसळून नऊ माणसे मृत्युमुखी पडली. असो.

सदनिका आणि शुश्रूषा ह्यांची अलिखित देवघेव ही आमच्या उपनगरांतील दीर्घकालीन परिपोषाची खरी योजना होय. घर मुलाच्या नावे करावयाचे, मुलाने शेवटपर्यंत पाहावयाचे. २००७ च्या ‘आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण’ अधिनियमाने ह्या देवघेवीस प्रथमच कायद्याचा आधार दिला. महाराष्ट्रात तो १ मार्च २००९ पासून लागू झाला आणि राज्याचे नियम २०१० मध्ये झाले. उपविभागीय अधिकारी, म्हणजे आपल्या परिचयाचे प्रांतसाहेब, हे त्याखालील न्यायाधिकरण. वकिलावाचून काम चालावे, नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निकाल व्हावा, आणि निर्वाहभत्ता दरमहा १०,००० रुपयांपर्यंत असावा, अशी त्याची मांडणी आहे. अपत्य नसलेल्यांच्या बाबतीत त्यांची मालमत्ता ज्याच्या हाती आहे किंवा वारशाने ज्याला मिळणार आहे, त्या नातलगावर जबाबदारी टाकली आहे. पोटगीची ही सुधारून वाढविलेली आवृत्ती म्हणता येईल. प्रत्येक जिल्ह्यात निदान १५० निर्धन वृद्धांची सोय होईल असे वृद्धाश्रम राज्य शासन स्थापू ‘शकेल’ असेही १९ व्या कलमात आहे. क्रियापद पाहावे. मुलांसाठी ‘बांधलेले आहेत’, शासनासाठी ‘शकेल’.

ह्या अधिनियमातील खरे नवे कलम २३ वे. ज्येष्ठ नागरिकाने आपली मालमत्ता बक्षीसपत्राने वा अन्यथा दुसऱ्यास दिली, ती घेणाऱ्याने त्याच्या मूलभूत सोयी व मूलभूत शारीरिक गरजा भागवाव्या अशी अट त्यात होती, आणि घेणाऱ्याने ते नाकारले, तर ते हस्तांतर कपटाने किंवा दडपणाने झाले असे मानून न्यायाधिकरणाला रद्द ठरविता येते. ‘शारीरिक गरजा’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. पोटगीच्या दीडशे वर्षांच्या परंपरेत अन्न, वस्त्र, निवारा, औषधोपचार हे शब्द आहेत. देह मात्र येथे उमटला, आणि तोही मालमत्तेच्या कलमात. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये सांगितले की, अशी अट होती हे सिद्ध झाल्यावाचून हस्तांतर रद्द होत नाही. जानेवारी २०२५ मधील दुसऱ्या निर्णयाने अधिनियमाचा हेतू पाहून उदार अर्थ लावण्यावर भर दिला. ह्या दोन निर्णयांच्या मधल्या जागेत आमच्या उपनगरांतील असंख्य बक्षीसपत्रे आहेत. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये पती, पत्नी, मुले व नातवंडे ह्यांना राहते घर बक्षीस देण्यावरील मुद्रांकशुल्क अवघ्या २०० रुपयांवर आणले. ते केले ते लोकांच्या सोयीसाठीच. पण छापील मसुद्यावर सह्या करून घर देणाऱ्या आईबापांना त्या मसुद्यात शुश्रूषेच्या अटीचे एक वाक्य असावे लागते, हे सांगण्याची तजवीज त्याबरोबर झाली नाही. एका विधानाने देणे स्वस्त केले. दुसऱ्याने परत घेणे त्या एका वाक्यावर टांगले.

आणि शुश्रूषा करणारी व्यक्ती? ती बहुतेक घरांत सून असते. २००७ च्या अधिनियमाच्या व्याख्येत ‘मुले’ म्हणजे मुलगा, मुलगी, नातू व नात. सून त्यात नाही. ती पोटगीची देणेकरी नाही, शुश्रूषेची घेणेकरीही नाही. प्रकरणांत ती अवतरते ती घराबाहेर काढावयाची व्यक्ती म्हणून. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की, २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविषयक कायद्याने सुनेला मिळालेला सामायिक घरात राहण्याचा हक्क ज्येष्ठांच्या कायद्याखालील संक्षिप्त कारवाईने पुसून टाकता येत नाही. दोन दुर्बळांना एका सदनिकेच्या दाराशी परस्परांविरुद्ध उभे करणारी ही रचना जुन्या पोटगीच्या विचाराचीच परिणती आहे. कुटुंबावर भार टाकला, पण कुटुंबात तो प्रत्यक्ष कोण वाहते हे पाहिले नाही.

बाहेरच्या देशांकडे थोडे पाहणे येथे उपयुक्त ठरेल. इंग्लंडने १९४८ च्या राष्ट्रीय साहाय्य अधिनियमाने दारिद्र्याचा जुना कायदा संपविला व प्रौढ मुलांवरील आईबापांच्या पोषणाची कायदेशीर जबाबदारी काढून घेतली. त्यानंतर आठ वर्षांनी आपण ती कायद्यात शब्दबद्ध केली, आणि पंचवीस वर्षांनी तिला फौजदारी बळ दिले. नेदरलँड्समध्ये १९६८ पासून, जर्मनीत १९९५ पासून, व जपानात १९९७ च्या कायद्यानुसार २००० सालापासून, दीर्घकालीन परिपोषाचा स्वतंत्र विमा आहे. ह्या व्यवस्थांत माणसाला दिवसात किती मदत लागते हे मोजून त्यानुसार रक्कम अथवा सेवा दिली जाते. जर्मनीत घरी शुश्रूषा करणाऱ्या नातलगाच्या निवृत्तिवेतनाची वर्गणीही विम्यातून भरली जाते. हे सर्व येथे जसेच्या तसे आणता येईल असे मी म्हणत नाही. त्या देशांत वेतनातून कपात होणारी नोकरी बहुसंख्यांना आहे, आपल्याकडे नाही. परंतु मोजण्याची वस्तू कोणती, एवढे तरी त्यांच्याकडून घेता येते.

आपल्या कायद्यांत गरज मोजण्याची कल्पना शिरली ती वृद्धांच्या नव्हे, तर अपंगांच्या कायद्यातून. (‘अपंग’ हा शब्द आता शासकीय लेखनात मागे पडून ‘दिव्यांग’ रूढ झाला आहे, जुन्या कायद्यांविषयी लिहिताना मी जुनाच शब्द ठेवला आहे.) १९९५ चा अधिनियम मुख्यतः शिक्षण व नोकरीचा होता. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या ३८ व्या कलमाने ‘अधिक साहाय्याची गरज’ असलेल्या व्यक्तीस मंडळाकडून त्या गरजेचे मूल्यमापन करून घेण्याचा मार्ग दिला, आणि २४ व्या कलमात अशा व्यक्तींसाठी परिचर-भत्त्याचा उल्लेख केला. तोही आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत, हे खरे. वृद्धांच्या बाबतीत असाच प्रयत्न डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडलेल्या दुरुस्ती-विधेयकात झाला होता. त्यात १०,००० ची मर्यादा जाणार होती, सून व जावई व्याख्येत येणार होते, आणि दैनंदिन व्यवहार स्वतः करू न शकणाऱ्या वृद्धांसाठी घरपोच शुश्रूषेच्या सेवेची तरतूद होती. जून २०२४ मध्ये लोकसभा विसर्जित झाली, तिच्याबरोबर विधेयकही व्यपगत झाले. त्यानंतर १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता अंमलात आली. १२५ व्या कलमाचा आशय आता तिच्या १४४ व्या कलमात आहे. क्रमांक बदलला, कलम पोटगीचेच राहिले.

सर्वांत कठीण प्रश्न उरतो तो वृद्ध पालक आणि त्यांचे प्रौढ अपंग अपत्य ह्यांचा. ‘आमच्या मागे ह्याचे काय?’ हा त्यांचा प्रश्न. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमाने स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदत्व व बहुविकलांगता असलेल्यांसाठी, पालकांच्या मृत्यूनंतरचा सांभाळ हा आपला एक उद्देश म्हणून स्पष्टपणे नोंदविला. माझ्या मते भविष्याचे नियोजन हा विषय म्हणून घेणारा हा आपला पहिला कायदा. त्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समिती प्रौढ व्यक्तीसाठी कायदेशीर पालक नेमू शकते. ठाकुर्लीच्या एखाद्या निवृत्त रेल्वे नोकराच्या बाबतीत ह्याचा व्यवहार कसा होतो ते पाहावे. कमावण्यास असमर्थ असलेल्या अपत्यास रेल्वेच्या १९९३ च्या निवृत्तिवेतन नियमांनुसार आजन्म कुटुंब-निवृत्तिवेतन मिळू शकते, आणि आईबाप हयात असतानाच त्याचे नाव निवृत्तिवेतनाच्या आदेशात नोंदवून घेण्याची सोयही पुढे झाली. ते काम रेल्वेच्या कार्यालयात. निवृत्तिवेतन घेण्यास पालक हवा. तो ठाण्यास जिल्हाधिकारी कार्यालयातील समितीकडून. अपंगत्वाचा दाखला शासकीय रुग्णालयातून. सदनिकेचे नामनिर्देशन सहकारी गृहनिर्माण संस्थेकडे. पण नामनिर्देशन म्हणजे वारसा नव्हे, म्हणून मृत्युपत्र वेगळे, आणि त्यात त्या अपत्यासाठी विश्वस्त नेमावयाचे. ही पाच ठिकाणची पाच कामे परस्परांना ठाऊक नसतात. ती एका क्रमाने कोणी करावी, ह्याविषयी कोणत्याही कायद्यात एकही कलम नाही. ती करतात सत्तरीतील आई किंवा वडील, लोकलने ठाकुर्लीहून ठाण्यास जाऊन, आणि तेवढा वेळ त्या मुलाजवळ शेजारच्या कुणाला तरी बसवून.